तुझ्या एक्सेलला आईचं उत्तर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या काचेच्या मण्यांतून आणि क्रोशातून तासाला किती पैसे सुटतात, त्या हिशोबाची तुझी फाईल मिळाली. आधी बाबांनी उघडली आणि "हे बघ, पोरानं तुझं ऑडिट करून पाठवलंय" म्हणत लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. हिशोब चोख आहे, नावं ठेवायला जागा नाही. मण्यांचे रकाने हिरवे, क्रोशाचे लालभडक. क्रोशाचे तासाला जेवढे पैसे काढलेस, तेवढ्यात रंकाळ्यावर एक भेळसुद्धा येत नाही, हे मलाही माहीत होतं. फक्त असं लाल रंगात कोणी दाखवलं नव्हतं. खाली तुझी शिफारस: "आई, क्रोशा बंद कर. फक्त मणी कर." फोनवर सांगायला लागले तर तुझी मीटिंग सुरू होणार, म्हणून लिहिते. जेवताना वाच.

आधी मण्यांचं. एका मण्याला तू 10 मिनिटं धरलीस. ज्योतीसमोर तेवढीच लागतात, पण मणी ज्योतीवर सुरू होत नाही आणि संपतही नाही. आदल्या दिवशी स्टीलच्या सळया पातळ मातीत बुडवून उभ्या करून वाळवायच्या. ही माती नसेल तर काच सळईला जी धरते ती सोडतच नाही. आता जुलैत आपल्याकडे कसला पाऊस लागलाय ते तुला सांगायला नको. माती वाळायचं नाव घेत नाही, आणि ओल्या मातीवर काच चढवली की माती मधेच तडकून सळईवरून निसटते, मणी गरगर फिरायला लागतो. म्हणून हल्ली सळया भट्टीच्या झाकणावर ठेवते.

सकाळी बाबांचा डबा झाला की काच वितळवायचा गॅसचा टॉर्च पेटवते. सुती साडी, पदर खोचलेला, केस बांधलेले, एक्झॉस्ट फॅन चालू. गॅस सिलिंडर निळा, 19 किलोचाच आहे, घरचा लाल नाही. तुझी ती काळजी मिटव. ज्योतीला लागणाऱ्या ऑक्सिजनला अजून तेच मशीन, 2021 मध्ये आप्पांसाठी धावपळ करून आणलेलं. आप्पा ठणठणीत आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माझ्या वाट्याचा ऑक्सिजन आता सूनबाई जाळते."

काचेची कांडी एकदम ज्योतीत घातली की टोक फुटून ठिकऱ्या उडतात. ती लांबून, फिरवत फिरवत आत आणायची. टोकाला लालभडक गोळा लोंबायला लागला की दुसऱ्या हातातल्या सळईवर गुंडाळायचा. इथून पुढे एकच काम: सळई फिरवत राहायची. हात थांबला की काच खाली ओघळलीच. काचेतल्या सोडियममुळे ज्योत अशी पिवळीधमक होते की आतलं काही दिसत नाही. त्या पिवळ्यालाच अडवणारा तो जांभळट चष्मा तुला किती महाग वाटला होता आठवतं? त्याच्याशिवाय मी आंधळी. मणी गोल झाला की थेट भट्टीत, 510 ते 520 अंशांवर. तिथे मुरायचा आणि मग रात्रभर हळूहळू निवायचा. बाहेरच ठेवला तर वरची काच आधी थंड होते, आतली मागे राहते, आणि ताण आत बसतो. असा मणी कधी लगेच फुटतो, कधी महिन्याने गिऱ्हाइकाच्या गळ्यात. म्हणून भट्टी चालू असताना लाईट गेली की माझा जीव वरखाली होतो.

सकाळी सळया पाण्यात घालून मणी पिळून काढायचे आणि भोकातली माती हिऱ्याच्या बारीक कानशीने घासून काढायची. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि तुझ्या फाईलमध्ये त्याचा पत्ताच नाही. तेवढा वेळ धरलास तर तुझा हिरवा रंगही फिका पडेल.

रंगांचं एक सांगते, कारण तू लिहिलंयस की "10 ठरलेले रंग ठेव, स्टॉक सोपा होईल." रंग म्हणजे डबे नव्हेत रे. मी इटलीतल्या मुरानोची काच वापरते. तिचा प्रसरणाचा आकडा 104 आहे, बोरोसिलची काच 33 च्या आसपास. दोन्ही एका मण्यात घातल्या तर थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि मणी चिरतो. फिरोजाबादची काचही म्हणून वेगळ्या डब्यात ठेवते, तिची तिच्याशीच सोयरीक. एका जातीतही गमती आहेत. हस्तिदंती रंगावर फिरोजी ठिपका ठेवला की दोघांच्या मध्ये आपोआप काळपट रेघ उमटते. फिरोजीत तांबं असतं, हस्तिदंतीत गंधक, ती दोघं भिडली की हे होणारच. लोक विचारतात, "ही रेघ कशानं काढली?" आणि काळी कांडी तापवून केसाएवढी ओढून उजेडात धर, जांभळी दिसते! गुजरीतल्या पटवेकरी काकांना एकदा ती तार दाखवली. आयुष्यभर काळी पोत गाठवलेला माणूस खिडकीशी जाऊन बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "वहिनी, हे बायकांना सांगू नका, मंगळसूत्रं परत येतील."

आता क्रोशा.

तू दोन शीट केलीस, एक मण्यांची, एक क्रोशाची. खरा घोळ तिथेच आहे. माझे मणी विकले जातात त्याला कारण क्रोशा आहे. कसं ते नीट ऐक.

मण्यांचा गळ्यातला क्रोशाने विणायचा तर सगळे मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात, मधेच घालता येत नाही. शेवटी ओवलेला मणी सुईला पहिला लागतो, म्हणून नक्षी उलटी वाचत ओवायची. मग चार साखळ्या, एक मणी जवळ ओढायचा, मुका खांब, म्हणजे आखूड टाका, घालून बसवायचा, पुन्हा साखळ्या. विणताना उरलेले सगळे मणी दोऱ्यावरून मागे सरकत राहतात. म्हणजे दोऱ्याचा शेवटचा भाग कितीतरी मण्यांच्या भोकांतून घासत पुढे येतो. एका मण्याची कड जरी धारदार असली तरी दोरा पिंजतो, आणि वरून काही कळतही नाही. चार महिन्यांनी तुटतो.

म्हणून माझ्या मण्याच्या दोन्ही टोकांना बेंबीसारखा खोलगट भाग असतो. तो मुद्दाम करावा लागतो. सळईवर काचेचा पाया जेवढा रुंद, त्या मानाने वर पुरेशी काच चढवली तर ती तापून गोल होताना कडा स्वतःच आत वळतात. पाया रुंद आणि काच कमी पडली की टोकं सुळकेदार राहतात. नुसती तार ओवणाऱ्याला ते चालून जातं. मला चालत नाही, कारण दुपारी तोच मणी माझ्याच दोऱ्यावरून जाणार असतो. मुंबईची ती दुकानवाली बाई माझेच मणी घेते, कारण तिच्याकडे माळ तुटून परत येत नाही. हा गुण मला टॉर्चने शिकवलेला नाही. आता सांग, तो कुठल्या शीटवर मांडणार?

दुसरं, हातांचं. सकाळभर सळई फिरवून मनगट आखडतं, डोळे शिणतात. ज्योतीसमोर आणखी दोन तास बसले तर मणी वाकडेच होणार. काचेत चुकलं ते चुकलं, मणी पाण्यात टाकून फोडायचा. क्रोशात चुकलं तर उसवायचं, दोरा तोच. दुपारी मला उसवता येणारं काम लागतं. आज्जीही शेजारी येऊन बसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून 20 नंबरचा दोरा तिला पुन्हा दिसायला लागलाय आणि माझे खांब मोजून चुका काढते.

पण तू म्हणशील, पैशाचं काय? खरं आहे. तर प्रदर्शनात काय होतं ते ऐक. टेबलावर डावीकडे मणी, उजवीकडे क्रोशा. मणी बघून बायका विचारतात, "हे तुम्ही आगीवर करता? भाजत नाही?" 300 रुपये म्हटलं की बिनबोभाट काढून देतात. वर कोणीतरी म्हणतंच, "परदेशी कला दिसते." त्यांना मी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये पाठवते. 1945-46 ला पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि मो. गं. दीक्षितांनी इथेच पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला उत्खनन केलं, त्यात काचेचे मणीही निघाले. त्या दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा अख्खा इतिहास लिहिला. परदेशी म्हणे!

मग त्याच बाई उजवीकडे वळतात. ताटावरचा रुमाल उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, "आमच्या सासूबाई असले बसल्याबसल्या करायच्या. 150 ला द्या." मण्याला आग दिसते म्हणून मोल आहे. क्रोशाला दिसतं काय, तर बाई घरी बसलेली दिसते. त्या सासूबाई सगळ्यांची जेवणं उरकून, दळणं-टिपणं करून मग विणायच्या, आणि त्याला घरात काम कोणी म्हटलं नाही. तो फुकटचा भाव आज माझ्या टेबलावर येऊन बसतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आपली गोदावरी जिथे समुद्राला मिळते तिथे नरसापूर आहे, आंध्रात. तिथल्या क्रोशाच्या लेस परदेशात जातात, मिशनऱ्यांच्या काळापासूनचं काम. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणणाऱ्यांचा अभ्यास केला, 1982 मध्ये तो छापून आला. बायका घरकाम सांभाळून दिवसाला 6 ते 8 तास विणत होत्या, आणि त्या कामाला सगळे फावल्या वेळातला उद्योग म्हणत. व्यापार दुसऱ्यांच्या हातात, नफाही त्यांचाच.

आणि एक गोष्ट तुझ्या ऑफिसातल्या मुलींना सांग. स्वेटरचं विणकाम मशीनवर होतं, खरा क्रोशा अजून कारखान्यातल्या कुठल्याही मशीनवर होत नाही. मशीनची जाळी त्याच्यासारखी दिसते, एवढंच. मॉलमध्ये खऱ्या क्रोशाचा टॉप 700 रुपयांना लटकलेला दिसला तर तो कुठेतरी कोणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो. दुकानाचं भाडं, वाहतूक, दलाली वजा करून त्या हातांना काय उरलं असेल, ते तुझ्या एक्सेलमध्ये टाकून बघ. तुला लाल रंग पुरायचा नाही.

तर माझं ठरलंय ते असं. रुमाल, तोरणं, टीव्हीवरची झाकणं विकायची बंद. तेवढ्यापुरती तुझी शिफारस मान्य. रुखवताच्या ऑर्डरीही नाही म्हणून सांगितल्या, त्यात घासाघीस सगळ्यात जास्त आणि तारीख गळ्याशी आलेली. क्रोशा राहणार तो मण्यांसोबतच, गळ्यातले आणि पैंजण, आणि त्याची किंमत एकच असणार. मणी वेगळे, विणकाम वेगळं असं कोणाला फोडून सांगायचं नाही. फोडून सांगितलं की विणकामाचे कापतात. बाबा म्हणाले, "विणकामाच्या तासाला मण्याच्या तासाएवढाच दर धर." मला आधी जरा जास्त वाटला. मग विचार केला, माणूस तर एकच आहे, सकाळी महाग आणि दुपारी स्वस्त कशी होईन? तोच दर लावला. गेल्या प्रदर्शनात तीन जणी किंमत बघून पुढे गेल्या, एकीने काही न बोलता घेतला.

तुझ्या फाईलमधली एक सूचना मात्र लाखाची आहे: दर मण्यामागे फुटलेले किती, ते लिहून ठेवायचं. वही घातली आहे. पारदर्शक लाल सगळ्यात जास्त दगा देतो असं दिसतंय, महिनाभर लिहून मग सांगते. मदतीला मुलगी ठेवायचं तूर्त नाही. भट्टीची खोली आप्पांच्या खोलीला लागून आहे आणि ते नव्या माणसाला दिवसभर गोष्टी सांगत बसतील.

आता कामाचं. येत्या शनिवारी येणार असशील तर बोहरी आळीत जाऊन ये. 20 नंबरचा सुती दोरा हवा, मोतिया रंगाचा, पांढराशुभ्र नको. सोबत शेडचा तुकडा पाठवतेय, तो दुकानदाराला दाखव, मोबाईलवरचा फोटो नको, त्यात रंग बदलतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घे, नाहीतर गळ्यातल्याच्या मधोमध रंग फुटतो. आणि आज्जीने सांगितलंय, तिच्या सुईचं टोक बोथट झालंय. स्टीलची बारीक घ्यायची, नंबर तिला फोन करून विचार, मी सांगितलेला तिला पटत नाही.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई