अफवा आवाजात, खुलासा पीडीएफमध्ये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लसीबाबतच्या अफवांचे खापर दरवेळी लोकांच्या अडाणीपणावर फोडले जाते. मला ते पटत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. २७ नोव्हेंबर २०१८ला राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना टोचायचे होते. आमच्या शाळेची पाळी यायच्या आदल्या रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ऑडिओ क्लिप आली. आपल्याच बोलीत, रडवेल्या आवाजात एक बाई सांगत होती, “पोरांला सुई टोचू देऊ नका, पुढं त्यांला लेकरं व्हायची नाहीत.” सकाळी निम्मा वर्ग रिकामा.

खुलासा आला नाही असे नाही. दुपारी आला, दोन पानांची पीडीएफ, वर जावक क्रमांक, खाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून’. खरे सांगायचे तर मीही ती अर्धीच वाचली.

काम झाले ते आशाताईंमुळे. त्यांनी त्याच ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितले: “उद्या माझ्या लेकीला पहिली सुई. दंड दुखंल. आठ-दहा दिवसांनी एखाद्याला ताप येईल, बारीक पुरळ उठंल, ते आपोआप जातं. पोरं उपाशी धाडू नका, भीतीनंच चक्कर येती. टोचल्यावर अर्धा तास आम्ही बसवून ठिवू.” दोन दिवसांत बहुतेक मुले आली. (मोबाइलचा रिचार्ज त्यांचा स्वतःचा होता, हेही नोंदवते.)

त्यांनी त्रास काय होईल ते आधीच सांगितले, हे मला मोलाचे वाटते. कोविशिल्डच्या बाबतीत उलटे झाले. अगदी क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात, हे युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१मध्येच जाहीर केले होते. आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर ते २०२४मध्ये, ही लस मूळची ज्या कंपनीची, तिच्यावरच्या ब्रिटनमधल्या खटल्याच्या बातम्यांतून आले, आणि मोबाइलवर त्याचे ‘लपवलेले सत्य’ झाले. आमच्या शेजारच्या सुनेने त्याच सुमारास बाळाची नवव्या महिन्याची गोवराची लस पुढे ढकलली. त्या लसीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, पण “तेव्हा सांगितलं नाही, मग आता कशाला विश्वास ठेवायचा?” या प्रश्नावर मी गप्प बसले.

सगळा दोष मोबाइलचाही नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराने मुले दगावली, त्यामागे करोनाकाळात चुकलेले डोसही होते. पण गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. तिथे एका क्लिपने मागे राहिलेली चार-पाच घरेही महागात पडतात.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने लसीकरणाच्या आदल्या दिवशी तिथल्याच नर्सताईंच्या किंवा आशाताईंच्या आवाजात, तिथल्या बोलीत, एक मिनिटाचा निरोप गावाच्या ग्रुपवर टाकावा. त्यात ताप, सूज, पुरळ सगळे यावे, आणि त्रास झालाच तर फोन कोणाला करायचा तो नंबरही. रात्री अकरालाही उचलला जाईल असा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सिन्नर (जि. नाशिक)