शपथ पुरे, ट्रॉलीवर लाल पिशवी लावा

संपादक महाशय,

५ जूनला पुण्यातल्या अनेक रुग्णालयांत पर्यावरणाची शपथ होते, कुंडीत रोप लागते, फोटो निघतो. ६ जूनला ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर जाळायच्या कचऱ्याची पिवळी पिशवी एकटीच लटकत असते. मग रक्ताळलेल्या गॉझबरोबर सिरिंजचे वेष्टण, सलाइनची नळी, हातमोजे सगळे तिच्यातच जाते. यात सिस्टर किंवा मावशींचा हलगर्जीपणा थोडा, मांडणीचा दोष मोठा. एका हातात चिमटा धरलेल्या माणसाने प्रत्येक तुकड्यासाठी कोपऱ्यातल्या डब्यापर्यंत जावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पिवळ्या पिशवीतले बहुतेक भट्टीत जाते. तिथे दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास तापमान राखावे लागते, म्हणजे प्रत्येक जादा किलोला इंधन आले. त्यात पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लास्टिकची नळी किंवा लघवीची पिशवी गेली तर डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होण्याचा धोका. हेच प्लास्टिक लाल पिशवीतून गेले तर ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होऊन, तुकडे होऊन पुनर्वापराला जाते. आणखी एक जुनी खोड म्हणजे ‘निर्जंतुक होऊ दे’ म्हणून पिवळ्या पिशवीत हायपो (क्लोरीनचे जंतुनाशक द्रावण) ओतणे. प्रयोगशाळेचा व अतिसंसर्गजन्य कचरा सोडल्यास जाळण्यापूर्वी रासायनिक प्रक्रिया करू नये, असे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम सांगतात. ओल्या, क्लोरीन मिसळलेल्या कचऱ्याने भट्टीचे नुकसानच होते.

उपाय स्वस्त आहे. ट्रॉलीवर पिवळी व लाल अशा दोन पिशव्या, सुयांसाठी टोचून न फाटणारा पांढरा डबा आणि वेष्टणांसाठी एक साधी पिशवी. सुईला टोपण परत लावायचे नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. कोपऱ्यातल्या डब्यांची पायपेडल दर आठवड्याला तपासावीत. पेडल तुटले की झाकणाला हात लावायला कोणी धजत नाही आणि जो डबा उघडा दिसेल त्यात कचरा पडतो. वर्गीकरण बिघडण्याचे इतके क्षुल्लक कारण बैठकीत कधी निघत नाही.

हातमोज्यांचेही तसेच. रक्तदाब मोजायला किंवा गोळ्या द्यायला एरवी ते लागत नाहीत. २० ते ३० सेकंद हँडरब (हातांवर चोळायचे जंतुनाशक) पुरतो. मोजे घातले म्हणून हात न धुणारे मात्र संसर्गही वाढवतात आणि कचराही.

प्रशिक्षण रुजू होताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा द्यावे, असा नियम आहे. पण कंत्राटी सफाई कामगार वर्षाच्या मध्येच बदलतात आणि रुजू होतानाचे प्रशिक्षण कंत्राटदाराच्या सहीपुरते उरते. त्यांना पहिल्याच पाळीत, वॉर्डातच, खऱ्या पिशव्या दाखवून १५ मिनिटे द्यावीत. डब्यावरचा तक्ता मराठीत आणि चित्रांसह हवा. इंग्रजी पोस्टर तपासणीला येणाऱ्यांसाठीच असते. चुकीबद्दल सर्वांसमोर ओरडू नये. ओरडा बसला की चूक पिशवीच्या तळाशी दडवली जाते आणि सुई टोचल्याची नोंदही होत नाही. साध्या कचऱ्यात गेलेली तीच सुई पुढे शहरातल्या कचरावेचक महिलेच्या हाताला लागते.

रंगानुसार रोजच्या वजनाची नोंद ठेवणे बंधनकारकच आहे. ती रजिस्टरमध्ये पुरून न ठेवता प्रत्येक वॉर्डाचा पिवळ्या पिशवीचा आकडा, दाखल रुग्णांच्या संख्येने भागून, दर सोमवारी सिस्टरांच्या टेबलाजवळ लावावा. जिथे कचरा नेणाऱ्याचा दर खाटेमागे ठरलेला असतो तिथे वजन घटले तरी बिल घटत नाही, त्यामुळे व्यवस्थापनाला हा आकडा बघावासा वाटत नाही. वॉर्डाला वाटतो.

शस्त्रक्रियागृहाचा हिशेब निराळा. तिथे भूलतज्ज्ञांच्या हाती मोठी बचत आहे, ती भुलीच्या वायूंची. त्यांतला नायट्रस ऑक्साइड तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे आणि त्याच्या पाइपलाइनची गळती महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. सिलिंडर किती संपले आणि रुग्णांना प्रत्यक्ष किती दिले, याचा ताळा दरमहा घालावा. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना भूलयंत्रातून येणाऱ्या ताज्या वायूचा प्रवाह बंद ठेवावा. रात्री शस्त्रक्रिया नसताना थंडावा बंद करून ब्लोअर (आत हवा सोडणारा पंखा) तेवढा चालू ठेवावा. ब्लोअरच बंद केला तर खोलीतला धन दाब (बाहेरच्यापेक्षा जास्त असलेला हवेचा दाब) जातो आणि बाहेरची धूळ आत शिरते.

– रुग्णालयीन कचरा व संसर्गनियंत्रणाचे काम पाहणारे काही कर्मचारी, पुणे