‘ख्रिस्ती मानतात’ म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या भाचीला ख्रिस्ती पंथांवर टिपण लिहायचे होते. कॉप्टिक आणि आर्मेनियन चर्च रोमपासून कधी वेगळी झाली, असे तिने एआय चॅटबॉटला विचारले. उत्तर आले : १०५४ साली, पोपच्या अधिकारावरून. भाषा सफाईदार, सूर ठाम आणि माहिती साफ चुकीची. १०५४ हे रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यातील फुटीचे साल. कॉप्टिक, आर्मेनियन, सिरियन ऑर्थोडॉक्स या चर्चच्या दुराव्याचे मूळ त्याआधी सहाशे वर्षे, ४५१ सालच्या खाल्सेडनच्या धर्मसभेत आहे. वादही वेगळाच होता : ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व कसे एकत्र नांदते? ‘ऑर्थोडॉक्स’ हा शब्द कॉन्स्टँटिनोपलच्या आणि या चर्चच्या, दोन्ही नावांत आहे, तेवढ्यावरून बॉटने दोन वेगळी घराणी एक केली.

भाचीने चूक दाखवल्यावर बॉटने लगेच माफी मागितली आणि नवी चूक केली. ख्रिस्ताचे मनुष्यत्व त्याच्या देवत्वात विरघळून गेले, अशी या चर्चची श्रद्धा असल्याचे त्याने सांगितले. हे मत पाचव्या शतकातील मठाधिपती युटिकीस याचे, आणि ही चर्च स्वतः ते त्याज्य मानतात. देवत्व आणि मनुष्यत्व एकरूप झाले, पण त्यांची सरमिसळ झाली नाही, असे ती शिकवतात. विरोधकांनी मात्र तो आरोप त्यांच्यावर शतकानुशतके केला. बॉट उपलब्ध मजकुरावरून शिकतो. जिथे विरोधकांचेच लेखन अधिक, तिथे आरोपच श्रद्धा म्हणून समोर येतो. मला याची सर्वांत जास्त चीड येते, कारण ज्यांच्याविषयी हे सांगितले जाते त्यांचा आवाज त्यात कुठेच नसतो. प्रभुभोजनाविषयीच्या ल्युथरन शिकवणीलाही असेच ‘कन्सब्स्टॅन्शिएशन’ (भाकरी-द्राक्षारसाबरोबर ख्रिस्ताचे शरीर-रक्तही असते, अशा अर्थाचे) हे नाव चिकटवले जाते. ते ल्युथरन धर्मशास्त्रज्ञ सहसा स्वीकारत नाहीत.

नंतर मीही काही दिवस प्रश्न विचारून पाहिले. नायसियाची ख्रिस्ती धर्मसभा ३२५ साली झाली, हे तो अचूक सांगतो, आणि म्हणूनच पुढच्या बारकाव्यांवरही आपला विश्वास बसतो. मग उपचारांत रक्त न घेण्याचा यहोवाच्या साक्षीदारांचा नियम तो सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टांच्या माथी मारतो. ॲडव्हेंटिस्ट तर साक्षीदारांपेक्षा वेगळे; ते त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानतात आणि अनेक देशांत रुग्णालये चालवतात. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, म्हणजे त्या चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, १ ते २८६५ असे क्रमांकित परिच्छेद आहेत. बॉटने दिलेले क्रमांक उघडून पाहिले, तर काही ठिकाणी भलताच विषय निघाला. ‘नक्की का?’ असे विचारले, की बरोबर उत्तरही तो मागे घेतो.

‘ख्रिस्ती लोक बाप्तिस्म्याविषयी काय मानतात?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाहीच. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्युथरन तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट देत नाहीत. बहुतेक क्वेकर आणि सॅल्व्हेशन आर्मी या पंथांत पाण्याचा बाप्तिस्माच नाही. एका नावाखालीसुद्धा एकमत नसते : अमेरिकेतील दोन मोठ्या ल्युथरन चर्चपैकी एक स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते, दुसरे, मिसुरी सिनॉड, देत नाही. बाप्टिस्टांमध्ये प्रत्येक मंडळी स्वायत्त, त्यामुळे सर्वांच्या वतीने बोलणारे कोणी नाही. बॉट या सगळ्यांची सरासरी काढतो, आणि ती सरासरी कोणत्याच चर्चमध्ये शिकवली जात नाही.

आपल्या संपादकीय विभागाला माझी विनंती आहे. सणावारांच्या किंवा चर्चविषयक वादांच्या बातम्यांत ‘ख्रिस्ती मानतात’ असे न लिहिता कोणते चर्च, हे लिहावे. बॉटकडून मिळालेला मजकूर त्या चर्चच्या स्वतःच्या श्रद्धापत्राशी ताडून पाहिल्याशिवाय छापू नये. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ, ल्युथरनांचे १५३० चे ऑग्सबर्ग श्रद्धापत्र हे दोन्ही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. आणि जिथे लेखी काही सापडत नाही, तिथे त्या चर्चच्या धर्मगुरूंना किंवा पाळकांना एक फोन करावा.

आपला,
एक नियमित वाचक