डोळ्यांचे ड्रॉप्स चिठ्ठीशिवाय कशाला?

मा. संपादक,
आमच्या डिचोलीत डोळे लाल झाले की लोक सरळ फार्मसीत जाऊन जुनी बाटली दाखवतात आणि तेच ड्रॉप्स आणतात, पण त्यात स्टेरॉइड असेल आणि महिनोन्महिने घातलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो. दुखत काहीच नाही, समोरचं स्वच्छ दिसतं, कडेची नजर तेवढी गुपचूप जाते, मग स्कूटरवर बाजूने आलेली बस दिसत नाही. आणि मोतीबिंदूत ऑपरेशन करून नजर परत येते, तशी काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही हो! आईवडिलांना काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही, डोळ्यातलं प्रेशर आणि डोळ्यामागची नस दोन्ही तपासून घ्या. चिठ्ठीशिवाय असे ड्रॉप्स विकणाऱ्यांवर एफडीए (अन्न व औषध प्रशासन) कधी कारवाई करणार?
— एक वाचक, डिचोली