वैनगंगेचा काठ धरून ठेवायला हातभार लावा

समस्त गावकरी, कामधंद्यासाठी नागपूर-पुण्याकडे गेलेली पोरं आणि आपल्या माहेरवाशिणी यांना ग्रामपंचायतीचा नमस्कार.

दर पावसाळ्यात काठावरच्या धानाच्या बांध्या नदीत जात आहेत. धुरे गेले, मोटारपंप ठेवायची जागा गेली, आता स्मशानघाटाची पांदणही खचू लागली आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले, तेव्हाचे हाल सगळ्यांना माहीत आहेत. पण तसा महापूर नसलेल्या वर्षीही जमीन जातेच.

पात्रातली रेती बेसुमार उपसली की तळ खोल जातो. मग धार काठाच्या पायथ्याला लागते, खालची माती धुपते आणि वरचा भाग अधांतरी राहतो. पूर असताना पाणीच दरडीला टेकू देतं. ते झपाट्यानं उतरलं की भिजून जड झालेली दरड धाडकन कोसळते. त्यात विटाभट्टीसाठी काठाची माती उचलली जाते, अर्जुन-करंज तोडले जातात, नांगर पार कडेपर्यंत जातो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रेतीची खोदाई ३ मीटरच्या खाली जाता कामा नये. रेतीघाटावर हे पाळलं जातं का, हे आपणच पाहायला हवं.

हीच रेती आणि गाळ प्राणहितेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. वरच्या धरणांत गाळ अडल्यानं तिथल्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र कापतो आहे. घरं गमावलेल्या तिथल्या मच्छीमारांचं दुःख आपल्या ढिवर बांधवांना वेगळं सांगायला नको.

मृग लागण्याआधी सगळ्यात जास्त खचलेल्या भागाला तासून उतार द्यायचा आहे. पायथ्याला बांबूचे खुंट ठोकून मातीची पोती लावायची, पहिल्या पावसात वाळ्याचे ठोंब आणि मागे बांबू, करंज, अर्जुन लावायचे. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, माती आवळून धरतात.

ज्याच्याकडे बांबूचं बेट आहे त्यानं बांबू द्यावेत. रिकामी पोती, रोपं, ट्रॅक्टर, डिझेल, जे जमेल ते द्या. बाहेरगावच्यांनी पैसे पाठवले तरी चालेल, मात्र ते ग्रामपंचायतीतच भरून पावती घ्यावी. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. श्रमदान रोज सकाळी उन्हाआधी. बचत गटाच्या बायांनी चहा-पाण्याचा भार उचलला आहे.

काठच्या शेतकऱ्यांना हात जोडून विनंती, कडेची पट्टी यंदा नांगरू नका. आणि येत्या ग्रामसभेला घरटी एक तरी माणूस या. रेतीघाटाबद्दलचा ठराव त्याच दिवशी घ्यायचा आहे.

आपले,
सरपंच, सदस्य व महिला बचत गट