इंजिनाचा नंबर घासून दुसरंच इंजिन पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुने सुटे भाग विक्री विभाग

विषय : मित्सुबिशी सेडियाचं म्हणून पाठवलेलं इंजिन परत नेऊन पूर्ण रक्कम परत करणेबाबत

महोदय,

मे महिन्यात टेंभुर्णीजवळ माझी सेडिया तापली आणि इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य सांगाड्याला, तडा गेला. त्याच आठवड्यात तुमच्या संकेतस्थळावर जाहिरात दिसली : ‘सेडिया स्पोर्ट्स तोडली आहे, दोन लिटरचं मूळ इंजिन, नंबरसकट.’ फोटोत ब्लॉकवरचा ४जी९४ हा दोन लिटर इंजिनाचा कोड स्वच्छ वाचता येत होता. नवी सेडिया मिळेनाशी होऊन कित्येक वर्षं झाली. अशी एखादी गाडी तुटते तेव्हाच आमच्यासारख्यांच्या गाड्या जगतात. मी लगेच ६८,००० रुपये भरले, वर ट्रान्सपोर्टचे ४,२०० दिले.

इंजिन सोलापुरात होटगी रोडवरच्या गॅरेजमध्ये उतरवलं. नंबर असतो तिथे तळहाताएवढ्या जागेत चंदेरी रंग मारलेला. मिस्त्रींनी थिनरचा बोळा फिरवला, तर खाली ग्राइंडरचे ओरखडे, एकही आकडा शिल्लक नाही. मग त्यांनी हेड खोललं, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वरून खाली नेला आणि व्हर्नियर लावला. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली जातो ते अंतर, भरला ८९ मिलिमीटर. ४जी९४चा स्ट्रोक ९५.८ असतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, रिबोअर करून वाढतो, पण स्ट्रोक असा ६.८ मिलिमीटरने आपोआप कमी होत नाही. हे त्याच घराण्यातलं १८३४ सीसीचं ४जी९३ आहे. माझ्या आरसीवर १९९९ सीसी आहे.

फोन केला तर तुमचा माणूस म्हणाला, ‘इंजिन खोललंत, आता वॉरंटी गेली.’ नंबर तुम्हीच नाहीसा केलात, मग खोलल्याशिवाय मला कळणार कसं?

पैशापेक्षा मला तो घासलेला नंबर जास्त छळतो. ही गाडी बाबांनी २००७ मध्ये घेतली. २०२२ मध्ये पंधरा वर्षं झाल्यावर मी तिचं फिटनेस करून आरसी नूतनीकरण करून आणली. इंजिन बदललं की नवा नंबर आरटीओत नोंदवावाच लागतो. नंबर नसलेलं इंजिन घेऊन मी तिथे काय सांगू? उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस माझ्या दारात येतील.

सात दिवसांत इंजिन तुमच्या खर्चाने उचलून न्या, ७२,२०० रुपये परत करा. ज्या गाडीतून हे काढलं तिची कागदपत्रं आणि जाहिरातीतलं इंजिन कुठे गेलं हे लेखी कळवा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर मी सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावत्या आणि घासलेल्या जागेचे फोटो सोबत जोडले आहेत. इंजिन गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली जसंच्या तसं ठेवलं आहे.

आपला ग्राहक,
सोलापूर