शॉर्टवेव्ह ऐकायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं विचारता आणि विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र, चार लोकांनी वाचावं असं.

'शॉर्टवेव्ह? ती तर कधीच बंद पडली,' असंच मला बहुतेकांनी सांगितलं होतं. शॉर्टवेव्ह म्हणजे दूरदेशीची केंद्रं घरात आणणाऱ्या रेडिओलहरी, पण आमच्या घरात तो शब्द आजीच्या रेडिओ सिलोनपाशी थांबलेला. बीबीसी हिंदीनंही ३१ जानेवारी २०२० ला शॉर्टवेव्ह सोडली. तुम्ही वाद घातला नाहीत. आकडे दाखवणारा स्वतःचा छोटा डिजिटल सेट हातात दिलात आणि म्हणालात, "१०,००० किलोहर्ट्झ लाव." खरखरीतून सेकंदासेकंदाची टिकटिक वर आली. चीनचं बीपीएम, वेळ सांगणारं केंद्र. हे ऐकू आलं की सेट नीट आहे आणि वाटही उघडी आहे, आता खुशाल शोध, असं तुम्ही सांगितलंत. मी अजून तिथूनच सुरुवात करतो.

पण तुमचं खरं ऋण आहे ते वेळेचं गणित शिकवल्याचं. रेडिओचे पट्टे, म्हणजे बँड, लहरीच्या लांबीवरून ओळखले जातात; मीटर जास्त तितकी वारंवारता कमी. नवखा माणूस भर दुपारी ४९ मीटर बँडवर काटा फिरवतो, काही लागत नाही, आणि सेट कपाटात जातो. तुम्ही कागदावर पृथ्वी काढलीत, वर आयनांबराचे, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या उंच हवेचे, थर काढलेत. दिवसा खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी गिळतो, म्हणून उन्हात १९ आणि १६ मीटर. सूर्य मावळला की तो थर विरतो, वरचा मात्र टिकतो आणि लहरी त्यावरून परतून लांबवर पोचतात, म्हणून रात्री ३१, ४१, ४९. संध्याकाळच्या तासाभरात दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही बँडवरचं सापडतं, आणि मला विचाराल तर ऐकण्याची सगळ्यात सुंदर वेळ तीच. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, काढायची सवयही तुमचीच.

घरातला गोंगाट कुठून येतो हे तर तुम्ही सेट हातात धरून खोलीखोलीतून फिरवून दाखवलंत. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, शेजारच्यांचा इन्व्हर्टर. चार्जर काढला आणि दबलेलं स्टेशन एकदम मोकळं झालं! मग गच्चीवर दहा मीटर तार ओढलीत, विजेच्या तारांपासून लांब, आणि बजावलंत की ढग गडगडण्याआधीच ती सेटपासून सोडायची.

बुखारेस्टच्या रेडिओ रोमानियाला केंद्र कसं ऐकू आलं हे कळवणारा अहवालही तुम्हीच लिहून घेतलात. तारीख, यूटीसी वेळ, वारंवारता, कार्यक्रमात काय ऐकलं याचा तपशील, आणि ऐकू येण्याचा दर्जा सांगणाऱ्या सिन्पो पद्धतीचे, १ ते ५ मधले पाच आकडे: सिग्नलची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा. मी सगळीकडे ५ लिहायला निघालो होतो. "खरं लिही," म्हणालात, "तिकडच्या इंजिनिअरला त्याचा उपयोग असतो." रेडिओ रोमानियाचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे अहवाल बरोबर असल्याची पोच, आलं तेव्हा माझ्यापेक्षा तुम्हीच ते जास्त वेळ न्याहाळत होतात.

तुम्ही आयुष्यभर जहाजावर मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशलिपी, वाजवलीत. फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांना त्याची सक्ती उरली नाही आणि रेडिओ ऑफिसरची खोलीही गेली. त्याबद्दल तुम्ही कधी बोलत नाही. पण बीपीएम मोर्समध्ये आपलं नाव पाठवतं तेव्हा तुमचं बोट टेबलावर आपोआप चालतं, ते मी पाहिलंय. ती विद्या तुम्ही मला इतक्या मोकळ्या हातानं दिलीत, काका. मनापासून आभार.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या केंद्रांचं हिवाळी वेळापत्रक लागतं. नव्या वारंवारता मोठ्या अक्षरात छापून त्याच संध्याकाळी घेऊन येतो. ३१ मीटरपासून बसू.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा श्रोता